लिथियमची गोळी आणि घरातले मीठ

एका वाचक भगिनीने विचारले आहे : ‘माझ्या धाकट्या दिरांना सहा वर्षांपासून लिथियम कार्बोनेटची गोळी चालू आहे. परवा पुतण्या म्हणाला, हे तर मोबाईलच्या बॅटरीत घालतात. सासूबाई घाबरल्या आणि आम्ही गोळी बंद केली. बरोबर केले ना?’

ताई, बरोबर झाले नाही. ज्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली त्यांना लगेच भेटा. उन्माद आणि औदासीन्य आलटून पालटून येणाऱ्या आजारात ही गोळी एकाएकी बंद केली, तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. आपल्या मनाने पुन्हा सुरूही करू नका.

पुतण्याचे म्हणणे मात्र खोटे नाही. मूलद्रव्य एकच आहे. शुद्ध लिथियम हा धातू इतका उतावळा की साध्या तापमानालाच हवेतल्या नायट्रोजनशी संयोग पावून काळा पडतो. सोडियमला हे जमत नाही. पण गोळीत धातू नसतो, त्याचा क्षार असतो. सोडियम धातू पाण्यात टाकला तर भडका उडतो, तरी आपण सोडियमचा क्षार, म्हणजे मीठ, रोज आमटीत घालतोच की!

हे औषध सापडले तेही नायट्रोजनयुक्त पदार्थाच्या मागे लागल्यामुळे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ बंडूरा येथील मनोरुग्णालयातले डॉ. जॉन केड यांना वाटे की उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काही विष असावे. त्यांचा संशय युरिया आणि युरिक आम्लावर होता. युरिक आम्ल पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून त्यांनी चांगला विरघळणारा लिथियम युरेट हा क्षार घेतला आणि गिनीपिगांना टोचला. प्राणी शांत झाले. मग युरेट वगळून नुसता लिथियम कार्बोनेट दिला, तरी शांत! तर्क चुकला होता, औषध सापडले होते. १९४९ मध्ये त्यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना आलेला गुण प्रसिद्ध केला. त्यांच्या पहिल्याच रुग्णाने बरे वाटल्यावर गोळी सोडली, आजार परतला, गोळी पुन्हा सुरू झाली आणि १९५० मध्ये तो लिथियमच्या विषबाधेने दगावला. रक्तातले प्रमाण मोजत राहण्याची पद्धत तेव्हा रूढ नव्हती.

आज ती आहे. म्हणून माझी तक्रार बॅटरीबद्दल नाही, न मोजता वर्षानुवर्षे गोळी घेण्याबद्दल आहे. साधारण ०.६ ते १ मिलिमोल प्रति लिटर हे प्रमाण गुणकारी. १.५ च्या वर धोका सुरू. औषध आणि विष यांत एवढेच अंतर! आणि ते ओलांडायला गोळी जास्त खावी लागते असेही नाही. लिथियम शरीरात मोडत नाही, जसा येतो तसा मूत्रपिंडावाटे जातो. मूत्रपिंडाला तो सोडियमचा सख्खा भाऊ वाटतो. अंगातले मीठ-पाणी कमी झाले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते, आणि त्याबरोबर लिथियमही. मे महिन्यातले उन्हातले काम, जुलाब-उलट्या, निर्जळी उपवास, कोणीतरी सांगितले म्हणून एकदम अळणी जेवण, सगळ्यांचा परिणाम तोच. गुडघेदुखीवरची डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही हे प्रमाण वाढवतात. दुकानातून दुखण्याची गोळी आणताना ‘घरात लिथियम चालू आहे’ हे कोण सांगतो? आणि विचारतो तरी कोण?

हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, जुलाब किंवा उलट्या लागल्या, तर पुढची गोळी न देता रुग्णाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून थांबू नका.

गोळी तालुक्याच्या गावी मिळते, पण तपासणीचा नमुना पुष्कळ ठिकाणी मोठ्या शहरात पाठवावा लागतो. दोन-दोन वर्षे जुन्या चिठ्ठीवर गोळ्या नेणारे रुग्ण त्यातूनच निर्माण होतात. दोष एकट्या नातेवाइकांचा नाही. जिथे लिथियम दिले जाते, तिथल्या रुग्णालयाने रक्त घेऊन पाठवण्याची सोय ठेवलीच पाहिजे. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणीही साधारण सहा महिन्यांनी हवी.

ताई, डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि तपासणी सांगितली, की रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे, सकाळची गोळी त्यानंतर. प्रयोगशाळेत तपासणी लिथियमची आहे हे आधी सांगा. रक्त गोठू नये म्हणून काही नळ्यांत लिथियम हेपॅरिन घातलेले असते, आणि त्या नळीत रक्त घेतले तर आकडा खोटाच वाढलेला येतो.