परसबाग : तळाशी पाणी, हाताशी विवेक



गच्चीवरील कुंडीला वरून तांब्याने पाणी घातले की त्यातील बराच भाग तळाच्या छिद्रातून वाहून जातो, काही उन्हाने उडून जातो आणि मुळांच्या वाट्याला थोडेच येते. आपल्या जिल्ह्यात पाण्याचे मोल कोणाला सांगावे लागत नाही. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने शासनाच्या सहकार्याने ‘सुजलाम् सुफलाम्’ मोहिमेत येथील तलावांतील गाळ काढला, तेव्हा समाजाने पाणी साठवण्याचा धडा जिल्ह्यापुढे ठेवला. तोच धडा लहान प्रमाणात आपल्या गच्चीवरही गिरवता येतो. त्याचे साधन म्हणजे तळाशी पाणी साठवून रोपाला लागेल तेवढेच वर पोहोचवणारी कुंडी. रोपवाटिकेत हिला ‘सेल्फ वॉटरिंग’ कुंडी म्हणतात.

हिचे तत्त्व आपल्या देवघरातच आहे. समईची वात जशी तेल वर ओढते, तसे मातीतील सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी वर चढते. माती कोरडी होऊ लागली की पाणी वर येते, ओली असली की थांबते. तळाशी पाण्याचा कप्पा, त्यावर छिद्रे असलेली चाळणी, चाळणीतून पाण्यात उतरलेली वात, पाणी भरण्याची उभी नळी आणि जादा पाणी बाहेर जाण्याचे छिद्र अशी हिची पाच अंगे आहेत.

किराणा दुकानातील खाद्यतेलाचा १५ लिटरचा प्लास्टिक कॅन धुऊन वरून कापला की पालेभाजीसाठी उत्तम कुंडी होते. टोमॅटो किंवा वेलभाजीसाठी २० ते २५ लिटरची बादली घ्यावी. औषधाचा किंवा रसायनाचा डबा कधीही वापरू नये. तळापासून सुमारे ३ इंचांवर चाळणी बसवावी आणि जादा पाण्याचे छिद्र चाळणीच्या किंचित खाली, बाजूला पाडावे. पाणी व चाळणी यांमध्ये बोटभर हवा राहिली नाही, तर मुळे गुदमरून कुजतात. सुती वात काही महिन्यांत कुजते. त्याऐवजी पॉलिएस्टर कापडाची पट्टी पिळून वापरावी. तिचे एक टोक पाण्याच्या पेल्यात धरून पाणी वर चढते का, हे आधी पाहावे. प्रत्येक कापड पाणी ओढतेच असे नाही.

मातीच्या बाबतीत आपली काळी माती येथे एकटीने चालत नाही. ती ओली झाली की फुगते, घट्ट बसते आणि हवेची वाट बंद करते. दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत आणि एक भाग भरड वाळू असे मिश्रण घ्यावे. कोकोपीटमध्ये मूळचाच क्षार असतो. म्हणून ते दोन वेळा भिजवून, पिळून घ्यावे. तयार मिश्रण विकत घेताना पिशवीवरील घटक अवश्य वाचावेत. त्यात पुष्कळदा हाडांचा चुरा असतो. जैन घरात तो येऊ नये, यासाठी ही एक मिनिटाची दक्षता पुरेशी आहे.

लागवडीनंतर पहिले पाणी वरूनच द्यावे आणि मिश्रण पूर्ण भिजू द्यावे. बी उगवेपर्यंतही वरून हलके शिंपण करावे. त्यानंतर पाणी नळीतूनच भरावे. पंधरा लिटरच्या कुंडीत तळाशी सुमारे चार लिटर पाणी मावते. हिवाळ्यात पालेभाजीला ते आठवडाभर पुरू शकते. मात्र मे महिन्यात मोठे रोप ते दोन दिवसांतच संपवते. यात्रेला किंवा लग्नकार्याला निघताना हा फरक ध्यानात ठेवावा. घाटावर, बुलढाणा-चिखलीकडे, उन्हाळा थोडा सौम्य असतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव भागात कुंडीला पांढरा रंग द्यावा आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली करावी.

घाटाखालच्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी खारे असते. साध्या कुंडीत वरून घातलेले पाणी क्षार खाली धुऊन नेते. या कुंडीत पाणी केवळ वर चढते, उडून जाते आणि क्षार मागे राहतो. काही आठवड्यांत मातीवर पांढरा थर दिसतो, पानांच्या कडा करपतात आणि आपण पाणी कमी पडले असे समजून आणखी तेच पाणी भरतो. शक्य तेथे साठवलेले पावसाचे किंवा नळाचे पाणी वापरावे. महिन्यातून एकदा वरून सावकाश चांगले पाणी घालून जादा पाण्याच्या छिद्रातून वाहू द्यावे आणि मग तळाचा कप्पा रिकामा करावा. ते पाणी गच्ची धुण्यास उपयोगी पडते. पाणी शुद्ध करणाऱ्या आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी मूळ पाण्याहून अधिक क्षारयुक्त असते. काटकसरीच्या हेतूने ते या कुंडीत ओतू नये; फरशी पुसण्यास वापरावे.

आता आपल्या आचाराशी थेट संबंध असलेला मुद्दा. साठलेले पाणी उघडे राहिले की डास अंडी घालतात आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत त्यांची नवी पिढी उडू लागते. अळ्या एकदा झाल्या की पाणी ओतले तरी हिंसा, ठेवले तरी घरात आजाराचे भय. म्हणून उपाय आधीच हवा. नळीच्या तोंडावर गाळण्याचे दुपदरी कापड घट्ट बांधावे. पाणी गाळूनच आत जाते आणि डासाला वाट उरत नाही. जादा पाण्याच्या छिद्रावर बारीक जाळी लावावी. कप्प्यात प्रकाश शिरला की शेवाळ धरते, आणि शेवाळ आपल्या शास्त्रात अनंतकायात गणले जाते. म्हणून कुंडी पारदर्शक नसावी. असल्यास बाहेरून गडद रंग देऊन त्यावर पांढरा हात फिरवावा. किडीच्या बाबतीतही हेच सूत्र लागू आहे. रोप लहान असतानाच त्यावर मच्छरदाणीच्या कापडाचे आच्छादन घातले, तर फुलपाखरे व पतंग पानांवर अंडी घालू शकत नाहीत आणि पुढे फवारणीचा प्रश्न उद्भवत नाही.

या कुंडीत पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना, मिरची, टोमॅटो, भेंडी, गवार चांगली येतात. दुधी व दोडक्याला मोठी बादली आणि मांडव हवा. शिवाय त्यांच्या परागीभवनासाठी फुले येताच जाळी काढावी. कंदमुळे आपल्याला वर्ज्य आहेतच, त्यामुळे त्यांच्यासाठी खोल कुंड्यांची गरज उरत नाही. सरकीची पेंड वापरायची असल्यास ती आधी पूर्ण कुजवून, मूठभरच, वरच्या मातीत मिसळावी. कोणतेही खत पाण्याच्या कप्प्यात घालू नये. तेथे ते सडते.

चातुर्मासात अनेक कुटुंबांत हिरव्या पालेभाजीचा त्याग असतो. त्या काळात कुंड्या बनवणे, कोकोपीट धुणे, पावसाचे पाणी साठवणे ही कामे उरकावीत. दसऱ्यानंतर आठवड्याने पेरलेली मेथी सुमारे चार आठवड्यांत, म्हणजे कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास, चातुर्मास संपताना हाताशी येते. दिवसा उजेडात, पान पान पाहून खुडलेली ही भाजी सूर्यास्तापूर्वी ताटात पडते. बाजारातील जुडीत हे पाहणे कठीण असते.

भरलेली कुंडी वजनदार असते. वीस लिटरच्या कुंडीचे वजन वीस किलोच्या आसपास धरावे. म्हणून कुंड्या गच्चीच्या मध्यभागी न मांडता भिंतीच्या व तुळईच्या रेषेवर मांडाव्यात.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण आहे. निष्कारण माती खणणे, निष्कारण पाणी सांडणे याला आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात प्रमादचर्या म्हटले आहे. बागकामात पृथ्वीकाय व अप्काय जीवांची विराधना पूर्णतः टळत नाही, हे मान्यच करावे लागेल. ती किती कमी करावी, हे मात्र गृहस्थाच्या हाती आहे. म्हणून आरंभी दोनच कुंड्या कराव्यात, रोज नळीत काडी घालून पाण्याची पातळी पाहावी आणि या दोन नीट सांभाळता आल्यावरच तिसरी मांडावी.