नर्सिंगच्या दारातली 'होय / नाही'ची चौकट

नर्सिंगला मुलगी घालणाऱ्या आई-वडिलांना, शिकणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या कागदांवर सही-शिक्का मारणाऱ्या प्रत्येकाला,



मी सव्वीस वर्षं सिस्टर ट्यूटर म्हणून जी.एन.एम.च्या मुलींना शिकवलं. बेड कसा करायचा, कॅथेटर कसा टाकायचा, शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाचे ओठ ओल्या कापसानं कसे पुसायचे, हे सगळं शिकवता आलं. एका प्रश्नाचं उत्तर मात्र कधीच धड देता आलं नाही. वर्ग सुटल्यावर एखादी मुलगी मागे रेंगाळायची, सगळ्या गेल्याची खात्री करून घ्यायची आणि विचारायची, "मॅडम, माझ्यावर केस आहे. मला रजिस्ट्रेशन मिळेल ना? नोकरी लागेल ना?"

त्यांतल्या एकीची हकीकत सांगते. एकोणीस वर्षांची, दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहणारी. गावाकडं भावाचा संसार मोडला. वहिनीनं सासरच्या छळाच्या कलम 498अ खाली फिर्याद दिली. त्यात नवरा, सासू, सासरा यांच्यासोबत नणंदेचंही नाव. नणंद म्हणजे ही. फिर्यादीत जी तारीख होती, त्या रात्री ही मुलगी प्रसूती कक्षात नाइट ड्यूटीला होती. ड्यूटी रजिस्टरमधली तिची सही मी स्वतः पाहिली आहे. वहिनीला त्रास झाला नसेल असं मी म्हणत नाही. झाला असेल तर तिला न्याय मिळालाच पाहिजे. पण ज्या घरात ही मुलगी त्या रात्री नव्हतीच, तिथल्या भांडणानं तिची सहा वर्षं खाल्ली. तारखांना जायचं म्हणून ती ड्यूट्या बदलून घ्यायची. शेवटी कोर्टानं निर्दोष सोडलं.

मग एका रुग्णालयात तिची निवड झाली आणि चारित्र्य पडताळणी निघाली. पोलीस ठाण्याचा अहवाल एका ओळीचा होता: सदर इसमाविरुद्ध अमुक गु.र.नं., कलम 498अ, 323, 504, 34 प्रमाणे गुन्हा दाखल आहे. खाली जांभळा शिक्का. निकालाचा उल्लेख नाही. तिच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये निकालाची प्रमाणित नक्कल होती. ती तिनं टेबलावर ठेवली. टेबलामागच्या माणसानं ती उघडलीसुद्धा नाही. "रिपोर्टमध्ये नाव आलंय ना, मग आमचा नाइलाज आहे," एवढंच तो म्हणाला. नोंदणी झालेली ती परिचारिका आज एका छोट्या खासगी दवाखान्यात बारा-बारा तास राबते. सलाइन लावते, इंजेक्शन देते. हजेरीच्या वहीत तिचं पद 'मदतनीस' असं लिहिलेलं आहे.

लोकांना वाटतं, नर्सचा परवाना म्हणजे नर्सिंग परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. ते तर आहेच. पण प्रवेश, नोंदणी, नोकरीची पडताळणी, दर काही वर्षांनी नूतनीकरण, परदेशी जायचं तर पोलिसांचा दाखला, अशा साऱ्या उंबऱ्यांवरून पाय टाकला तरच माणूस अंगावर पांढरा कोट चढवू शकतो. यांतल्या कुठल्याही उंबऱ्यावर 'गुन्हा दाखल आहे का?' हा प्रश्न उभा राहू शकतो, आणि 'होय' लिहिणाऱ्याचं नक्की काय करायचं हे आधीपासून लिहून ठेवलेलं नसतं. जो तो आपल्या भीतीप्रमाणे ठरवतो.

आमचं, नर्सिंगमधल्या माणसांचं, म्हणणं एवढंच आहे. गुन्हा दाखल होणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. आणि सिद्ध झालेला प्रत्येक गुन्हा माणसाला रुग्णाच्या उशाशी बसायला नालायक ठरवत नाही.

हे आम्ही मनाचं सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली पवन कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात काय केलं ते पाहा. एका चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या कलम 294 खाली 20 रुपये दंड झाला होता. वीस रुपये! त्यावरून त्याची नोकरी गेली. न्यायालयाने ती कारवाई टिकू दिली नाही, आणि किरकोळ दंडाच्या शिक्षेनं माणसाची रोजीरोटी जाऊ नये यासाठी संसदेनं पाऊल उचलावं असंही सुचवलं. आपल्याकडं हे किती घराघरांतलं आहे ते वकिलांना विचारा. "कबूल करून टाका, दोनशे रुपये दंड भरा, मोकळे व्हा," असा सल्ला कोर्टाच्या आवारात रोज दिला जातो. पोरगी कबूल करते, कारण संध्याकाळची एसटी पकडायची असते. त्या दिवशी दोषसिद्धीचा डाग लागला हे तिला चार वर्षांनी कळतं.

2016 साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं पडताळणीच्या अर्जांबद्दल दंडकच घालून दिले. माहिती लपवली तरी ती बाब किती गंभीर होती, हे पाहूनच निर्णय घ्यायचा. लहान वयात घोषणा दिल्या, यासारखी किरकोळ बाब असेल तर त्याकडे काणाडोळा करता येतो. उमेदवारानं खरं सांगितलं असेल तर मालकाला तरीही विचार करण्याचा हक्क आहे, पण तो विचार करायचा आहे. आम्ही त्या 'विचार' शब्दावर बोट ठेवतो. जांभळ्या शिक्क्याकडे बघून फाइल बाजूला सारणं याला विचार म्हणत नाहीत.

अजून दोन कायदे टेबलामागच्या माणसांनी एकदा उघडून पाहावेत. अपराधी परिवीक्षा कायदा, 1958 याचं कलम 12 सांगतं की, ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. आणि बाल न्याय कायदा, 2015 याच्या कलम 24 प्रमाणे, अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून काही घडलं असेल तर त्याचा ठपका पुढं लागू नये. यात सोळा वर्षांपुढच्या, मोठ्या माणसाप्रमाणे खटला चाललेल्या मुलांचा अपवाद आहे. बाकीच्यांना संसदेनं नवी सुरुवात दिली आहे. ती अर्जाच्या एका चौकटीनं काढून घ्यायचा अधिकार कोणालाही नाही.

आता ज्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही त्यांच्याकडे येते. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची सेटलमेंट होती, तिथं हजेरी द्यावी लागे. तो कायदा 1952 साली गेला. 31 ऑगस्टला आपण विमुक्त दिन पाळतो. पण त्याच्या मागोमाग 1959 चा मुंबईचा सराईत गुन्हेगार कायदा उभा राहिला, आणि गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिली पारध्यांच्या पालावर जायची ती सवय काही गेली नाही. पालावरच्या पोरीनं बारावी सायन्स काढायची, नर्सिंगची फी जमवायची, आणि पडताळणीत तिच्या नावावर निघायची एक चॅप्टर केस! चॅप्टर केस म्हणजे शिक्षा नव्हे. ती शांतता आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीची कारवाई आहे, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 107 आणि 110 खाली, आता नव्या संहितेच्या 126 आणि 129 खाली. तिथं कुठलाही गुन्हा शाबीत होत नाही. तरी अहवालात ती अशा थाटात लिहिली जाते की वाचणाऱ्याला दरोडाच दिसावा. विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीनं अटक होणार नाही याची काळजी घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांता प्रकरणात बजावलं आहे. नर्सिंगच्या दारापर्यंत ही काळजी पोचली पाहिजे. आरोग्य केंद्रात जायला बिचकणाऱ्या पालावरच्या बायकांना त्यांच्यातलीच एक सिस्टर हवी आहे, दुसरीकडून आयात करून ती मिळणार नाही.

सरकारला हा प्रश्न कळत नाही असंही नाही. कोरोनाच्या टाळेबंदीत सरकारी आदेश मोडल्याच्या कलम 188 खाली विद्यार्थ्यांवर आणि सामान्य माणसांवर गुन्हे दाखल झाले. ते मागे घेण्याचा निर्णय राज्य सरकारने 2022 साली केला. तेव्हा उमगलं, तर आता का उमगू नये?

आम्हाला हमखास विचारलं जातं, "रुग्णाच्या जिवाचं काय?" हा प्रश्न नर्सला विचारू नका, तो आमच्या हाडात आहे. 27 नोव्हेंबर 1973 ला परळच्या के.ई.एम. रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर तिथल्याच एका सफाई कामगारानं हल्ला केला. 18 मे 2015 ला ती गेली तोवर, जवळजवळ 42 वर्षं, त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला सांभाळलं. आणि हल्लेखोराच्या नावावर काय लागलं? जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न, सात वर्षं. बलात्काराचं कलम लागलंच नाही. नुसत्या कलमाच्या आकड्यावरून माणूस ओळखता येत नाही, हे आमच्याइतकं दुसरं कोण जाणतं? आकड्यामागं खरा धोका लपू शकतो, तसं निरपराध पोरीचं आयुष्यही लपू शकतं. म्हणून आम्ही म्हणतो, प्रकरण उघडून वाचा. ज्यानं मुलांवर, बायकांवर अत्याचार केला, रुग्णाला लुबाडलं, वॉर्डातली मादक औषधं चोरली, त्याला नर्सिंगमध्ये जागा नको. त्या बाबतीत आमच्याइतकं कठोर कोणी नसेल.

आपल्या मुली ब्रिटनला जातात. तिथल्या परिषदेला दोषसिद्धी सांगावी लागते, पण तेवढ्यानं दार आपोआप लागत नाही. गुन्हा काय, केव्हाचा, नंतर वागणूक कशी, हे बघून ठरतं. अमेरिकेत टेक्सासच्या नर्सिंग मंडळाकडे तर प्रवेश घेण्याआधीच अर्ज करून विचारता येतं, 'माझ्यावर अशी केस आहे, उद्या परवाना द्याल का?' तीन वर्षांची फी भरून, बापाची जमीन गहाण टाकून झाल्यावर 'नाही' ऐकण्यापेक्षा ते किती माणुसकीचं आहे!

हे आजच मागायचं कारण आहे. 1947 चा जुना कायदा बाजूला सारून संसदेनं 2023 साली परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा नवा कायदा केला. राज्यांना आपापले आयोग उभे करायचे आहेत, नियम लिहायचे आहेत. त्या नियमांत चार ओळी आमच्या पाहिजेत. कोणत्या गुन्ह्याच्या दोषसिद्धीनं नोंदणी नाकारली जाईल त्याची स्पष्ट यादी हवी, 'नैतिक अधःपतन' या मोघम शब्दावर काम भागवू नये. पोलीस अहवालात गुन्ह्यासोबत निकाल लिहिल्याशिवाय तो स्वीकारू नये. प्रवेशाआधी लेखी मत मागण्याची सोय करावी. आणि नकार द्यायचाच तर बाजू ऐकून, कारणांसह लेखी द्यावा, म्हणजे पुढं दाद मागता येईल.

पोरींनो, पोरांनो, तुम्हाला एकच सांगते. खोटं लिहू नका. 'नाही'वर खूण करण्याचा मोह होतो, मोठी माणसंही तेच सुचवतात. पण मूळ केस सुटते आणि लपवल्याचा ठपका आयुष्यभर राहतो. एफ.आय.आर., दोषारोपपत्र, समरी मंजूर झाल्याचा आदेश, निकाल, सगळ्यांच्या प्रमाणित नकला काढून ठेवा. अर्जात जागा कमी पडली तर वेगळा कागद जोडा, आणि तो जोडल्याची पोच घ्या.

हे पत्रक घरी ठेवू नका. तुमच्या गावातल्या, तालुक्यातल्या नर्सिंग कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावा, आणि तुमच्या आमदाराच्या हातात एक प्रत द्या.

आपली,
एक निवृत्त सिस्टर ट्यूटर