अलंकार दोन मार्कांचे नाहीत!

सातारा-सांगलीच्या शाळांत कविता कशी शिकवली जाते, ते आम्ही पाहतो आहोत. 'अलंकार ओळखा.' पोरगे लिहिते, 'दृष्टान्त'. दोन मार्क पडतात आणि कविता संपते. शिक्षक उत्साही असतील तर हायकू नाहीतर चारोळी लिहून घेतात. पाऊस, पाखरू, प्रेम.

आमचा विरोध हायकूला नाही. शिरीष पै यांनी तो जपानीतून मराठीत आणून रुजवला. तीन ओळींत एक क्षण पकडायची शिस्त मुलांना लागलीच पाहिजे. आमचा सवाल एवढाच आहे: छोट्या कवितेची ओळख जपानपासून सुरू होते, तेव्हा मंगळवेढ्याचे चोखोबा आणि वाटेगावचे अण्णा भाऊ कुठे जातात?

अभंग म्हणजे अक्षरे मोजून बांधलेली रचना. मोठ्या अभंगाचे चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. लहान अभंगाचे दोन, आठ-आठ अक्षरांचे. अशा मोजक्या जागेत सोयराबाई विटाळाचा सवाल थेट देहापर्यंत नेऊन भिडवतात. उसाचे वाकडेपण रसात उतरत नाही, हे चोखोबा दाखवून देतात. कृष्णाकाठच्या पोराला ऊस काय असतो हे समजावून सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते हे, की हे बोलणारा माणूस देवळाबाहेर उभा होता. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्यांविरुद्धचा तो पुरावा आहे. वर्गात अलंकाराचे नाव सांगतात, आरोपीचे नाव गाळतात!

आता अण्णा भाऊ. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात जन्म. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, आज सांगलीत. शाळा दीड दिवसाची. याच माणसाने 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड लिहिली. गावी राहिलेल्या मैनेचा विरह आणि तुकडे पडलेल्या महाराष्ट्राचे दुःख त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि संयुक्त महाराष्ट्राचे राजकारण गिरणी कामगाराच्या काळजात उतरवले. दृष्टान्त कशाला म्हणतात, हे यापेक्षा चांगले कोणते पुस्तक शिकवणार? पण छक्कडीला 'लोकवाङ्मय' म्हणायचे, आमच्या आयांनी जात्यावर बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्यांना 'लोकगीत' म्हणायचे आणि 'कविता' हा शब्द स्वतःकडे ठेवायचा. ही वाटणी कुणी केली?

लगेच कुणीतरी म्हणेल, 'साहित्यात जात आणू नका.' जात आम्ही आणली नाही. मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा. चांडाळाचे अलंकार लोखंडाचे असावेत, असे तिथे लिहून ठेवले आहे. आमच्या अंगावर कोणता दागिना असावा हे ज्यांनी ठरवले, त्यांनीच आमच्या भाषेतला कोणता शब्द दागिना आणि कोणता गावंढळ, हेही ठरवले. ती मनुस्मृती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली. अभ्यासक्रमातली अजून जाळायची राहिली आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. आज ते प्रतापसिंह हायस्कूल. शाळेत त्यांना वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस आहे. त्या दिवशी नुसते हार-तुरे आणि भाषणे नकोत.

मित्रांनो, काम सोपे आहे आणि शिक्षण खात्याच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. विहारात, समाजमंदिरात, वसतिगृहाच्या खोलीत रविवारचा एक तास काढा. एका रविवारी अभंग, दुसऱ्या रविवारी ओवी, तिसऱ्या रविवारी छक्कड, चौथ्या रविवारी हायकूसुद्धा. मुलांना बोटांवर अक्षरे मोजायला लावा. उपमा ओळखायला लावा आणि लगेच विचारा: ही उपमा कुणाच्या बाजूने उभी आहे? मग मुलांनाच लिहू द्या, ऊसतोडीवर, पाणवठ्यावर, वसतिगृहाच्या जेवणावर. डीजेच्या भिंतीपुढे नाचून आवाज मोठा होतो, पण तो दुसऱ्याचा असतो. आपल्याला आपला आवाज हवा आहे, तोही मोजून-मापून, धार लावलेला.

जय भीम!