सोनार किल्ला सर्वांनी टिपला. पन्हळ कोण टिपणार?

१/ जैसलमेर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच छायाचित्र उभे राहते. मावळतीच्या उन्हात झळाळणारा पिवळ्या दगडाचा किल्ला, पायथ्याशी पसरलेले शहर आणि पुढे एखादा उंट. दृश्य देखणे आहे, पण इतिहासाचा पुरावा म्हणून त्याची किंमत फार थोडी आहे. या वाळवंटी शहरात खरे टिपण्याजोगे काय आहे आणि ते आत्ताच टिपणे का निकडीचे आहे, यावरचा हा दीर्घ धागा. #इतिहास

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. परंपरेनुसार भाटी राजपूत रावळ जैसल याने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. सिंध आणि त्यापलीकडे जाणाऱ्या काफिल्यांच्या वाटेवर हे शहर बसले होते. जकात आणि सावकारी यांवर ते श्रीमंत झाले. पटवा घराण्याच्या पाच हवेल्यांचे काम १८०५ च्या सुमारास सुरू झाले. पुढे मुंबईसारख्या बंदरांकडे व्यापार वळला, १९४७ च्या फाळणीने सिंधची वाटही बंद केली आणि शहर ओस पडू लागले.

३/ राजपुतान्यात कॅमेरा आला तो १९ व्या शतकाच्या मध्यानंतर. युजीन क्लटरबक इम्पी या ब्रिटिश राजकीय अधिकाऱ्याच्या छायाचित्रांचा ‘दिल्ली, आग्रा अँड राजपुताना’ हा संग्रह १८६५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. राजवाडे, कबरी, मंदिरे हे त्याचे विषय. जयपूरचे महाराज सवाई रामसिंह दुसरे यांनी मात्र त्याच काळात स्वतः कॅमेरा हाती घेऊन जनान्यातील स्त्रियांची छायाचित्रे काढली. काय पाहण्याजोगे आणि काय नाही, याचा निवाडा कॅमेरा धरणारा हात करतो, हे तेव्हापासूनच स्पष्ट आहे.

४/ जैसलमेरच्या वाट्याला जी प्रतिमा आली, तिच्यात एका चित्रपटाचा वाटा मोठा आहे. सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ १९७४ मध्ये आला आणि बंगाली पर्यटकांची रीघ लागली. किल्ल्याला ‘सोनार किल्ला’ हे नाव घट्ट चिकटले. तेव्हापासून बहुतेक कॅमेरे त्या एका सोनेरी चौकटीचीच पुनरावृत्ती करत आले आहेत.

५/ या सोन्याची अडचण अशी की ते काळ पुसून टाकते. शहरातील नवी हॉटेले, दुकाने, घरे त्याच पिवळ्या दगडात बांधली जातात, कोरीव झरोक्यांसकट. संधिप्रकाशात १८०५ ची भिंत आणि परवाची भिंत एकाच रंगाची दिसते. अशा छायाचित्रावरून पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला काहीच ठरवता येणार नाही. त्याला तारीख सांगणाऱ्या खुणा हव्या असतील आणि त्या बहुधा चौकटीबाहेर राहिलेल्या असतील.

६/ तारीख सांगणारी खूण कशी असते, हे पाहायचे तर किल्ल्यातील कोणत्याही गल्लीत शिरावे. घरात लग्न निघाले की दर्शनी भिंतीवर गणपती रंगवण्याची इथे रीत आहे. त्याच्यासोबत वधूवरांची नावे आणि लग्नाची तिथी लिहिली जाते. निमंत्रणपत्रिकाच भिंतीवर काढलेली. कुटुंब, नातेसंबंध, लिपी, रंग, साल असा सगळा मजकूर एका नजरेत मिळतो. त्याला छोटा भित्तिलेख म्हणण्यात काहीही अतिशयोक्ती नाही.

७/ याच प्रदेशातील जुन्या दगडांशी त्याची तुलना करावी. जैसलमेर परिसरातील कित्येक शिलालेखांवर विक्रम संवताच्या जोडीला ‘भाटिक संवत’ कोरलेला आढळतो. ही भाटी राज्याची स्वतःची कालगणना, इ.स. ६२३-२४ च्या सुमारास आरंभ धरणारी. वीरगळांवरची झिजलेली अक्षरे वाचण्यासाठी उन्हाची तिरीप शोधत बसणाऱ्या मराठी तरुणांना त्या दगडांचे मोल सांगावे लागत नाही. फरक एवढाच की दगड शतके तग धरतो आणि लग्नाचा गणपती पुढच्या रंगकामापर्यंतच टिकतो.

८/ आता या शहराच्या खऱ्या कथानायकाकडे, म्हणजे पाण्याकडे वळू. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या पावसाचा हा दहावा हिस्सासुद्धा नाही. त्यामुळे येथील प्रत्येक जुनी इमारत दोन हिशेब मांडून उभी राहिली. थेंब साठवायचा कुठे आणि अवचित सर आली तर पाणी टेकडीवरून खाली काढायचे कसे?

९/ पहिल्या हिशेबाचे उत्तर म्हणजे कुंड, तलाव आणि टांके. हा ‘टांका’ मराठी दुर्गप्रेमींच्या ‘टाक्या’चाच भाऊबंद. दुसऱ्याचे उत्तर किल्ल्यात ‘घुट नाली’ या व्यवस्थेने दिले. पावसाचे पाणी चारही दिशांना उतरवून टेकडीबाहेर काढणारी ही योजना. घरांची धाबी लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेली. त्यांवरचे पाणी भिंतीत मुरू न देता दूर फेकणाऱ्या पन्हळी हाही त्याच विचाराचा भाग. झरोक्याचे छायाचित्र हजारांनी निघते, पन्हळीचे क्वचितच.

१०/ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळ आले, त्यामागोमाग पर्यटन आले, आणि थेंबाथेंबाच्या हिशेबाने बांधलेल्या किल्ल्यात रोज भरपूर पाणी खेळू लागले. टेकडीत वालुकाश्माबरोबर मातकट, चिकणमातीचे थर आहेत. गळके नळ आणि अपुरी गटारे यांतून झिरपलेल्या पाण्याने ते मऊ पडले. बुरूज आणि राजवाड्याचे काही भाग ढासळले. १९९६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जैसलमेरचा समावेश धोक्यातील वारशाच्या यादीत केला. २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांपैकी एक म्हणून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

११/ या धाग्याचे मुख्य म्हणणे इथे येते. आज जैसलमेरमधील सर्वांत मोलाची छायाचित्रे ती असतील, जी पाहणाऱ्याला कुरूप वाटतील. भिंतीवरचा ओलीचा डाग. कोरीव कमानीवरून ओढलेला प्लास्टिकचा नळ. गच्चीवरची काळी टाकी. बंद पडलेली पन्हळ आणि तिच्या शेजारी नव्याने पाडलेले भोक. छायाचित्र ‘स्वच्छ’ करण्यासाठी जे कापून टाकले जाते, तेच या शहराच्या विसाव्या आणि एकविसाव्या शतकाचे प्रमुख साधन आहे.

१२/ गडीसर तलावावरही हेच घडते. १४ व्या शतकात रावळ घडसी याच्या नावाने ओळखला जाऊ लागलेला हा तलाव शतकानुशतके शहराची तहान भागवत होता. आज कॅमेरे रोखले जातात ते काठावरच्या ‘टीलों की पोळ’ या दरवाजावर. टीलों नावाच्या गणिकेने तो बांधला, आणि राजाला पाडता येऊ नये म्हणून वर मंदिर उभारले, अशी दंतकथा. कथा रंजक आहे, पण तलाव समजतो तो दरवाजाकडे पाठ केल्यावर.

१३/ पाठीमागे आहे आगोर, म्हणजे तलावाचे पाणलोट क्षेत्र. जिथून पाणी येते ती साधी, उघडी, चित्रात रिकामी दिसणारी जमीन. अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ (१९९३) या पुस्तकात गडीसरचे जादा पाणी पुढच्या तळ्यांच्या साखळीत कसे उतरत जाई, याचे वर्णन केले आहे. आता तलावात इंदिरा गांधी कालव्याचे पाणी सोडले जाते. वर्षभर भरलेला तलाव पाहून प्रवासी सुखावतो. आगोर बुजत गेला तरी त्याच्या लक्षात येत नाही, कारण त्या रिकाम्या जमिनीचे छायाचित्र फारसे कुणी घेतच नाही.

१४/ यावर एक रास्त आक्षेप आहे. हा जिवंत किल्ला आहे. तिथे आजही शेकडो कुटुंबे नांदतात. त्यांच्या मोऱ्या, नळ, वाळत घातलेले कपडे टिपणे म्हणजे परक्याच्या घरात डोकावणे नव्हे काय? शिवाय किल्ला वाचवण्यासाठी रहिवाशांना बाहेर हलवावे, असा सूर अधूनमधून निघतो. ओलीचे छायाचित्र उद्या त्यांच्याच विरुद्ध आरोपपत्र ठरू शकते.

१५/ म्हणून परवानगी मागणे हा शिष्टाचाराइतकाच अभ्यासपद्धतीचा भाग मानला पाहिजे. दार ठोठावून विचारले तर पन्हळ कधी बंद झाली, नळ कोणत्या साली आला, हे घरातील वडीलधारी माणसेच सांगतात. ते छायाचित्राखाली लिहिले तर नोंद पूर्ण होते. पाणी हा रहिवाशाचा हक्क आहे. दोष द्यायचा तर शेकडो वर्षांची निचरा-व्यवस्था न समजून घेता तिच्यावर चढवलेल्या नळयोजनेला द्यावा. जिथे नकार मिळेल, तिथे कॅमेरा खाली.

१६/ लपलेले कोपरे नोंदवण्याची ही परंपरा महाराष्ट्रालाही अनोळखी नाही. किल्ल्यातील जैन ज्ञानभांडाराच्या तळघरात ताडपत्रांचा अमूल्य साठा आहे. १०६० मधील ‘ओघनिर्युक्ती’ची प्रत त्यातलीच. १८७४ मध्ये ब्यूलर आणि याकोबी तेथे पोचले. पुढे १९०४ ते १९०६ या काळातील राजपुताना-दौऱ्यांत श्रीधर रामकृष्ण भांडारकर यांनी जैसलमेरच्या हस्तलिखितांचा शोध घेऊन अहवाल लिहिला. त्यांचे साधन होते यादी. कोणती पोथी, कुठे, कोणत्या अवस्थेत. कॅमेऱ्याकडूनही नेमकी हीच शिस्त अपेक्षित आहे.

१७/ ती शिस्त अवघड नाही. प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, गल्ली किंवा पाडा आणि कॅमेऱ्याची दिशा लिहावी. समाजमाध्यमांवर चढवताना चित्रातील अंतर्गत नोंद बहुधा गळून पडते, म्हणून ती मजकुरातच द्यावी. मापासाठी शेजारी वीत किंवा पट्टी ठेवावी. एक चित्र जवळून, एक संपूर्ण भिंतीचे. मूळ प्रत रंग न बदलता जपावी. आणि शक्य असल्यास काही वर्षांनी त्याच जागेवरून पुन्हा एक चित्र घ्यावे. दोन चित्रांतील अंतर हाच इतिहास.

१८/ पॅरिसचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १८६० च्या दशकात तिथल्या नगरप्रशासनाने शार्ल मारव्हिल या छायाचित्रकाराला पाडल्या जाणाऱ्या गल्ल्या टिपण्याचे काम दिले. त्याने ओले फरसबंद रस्ते, मध्यभागी वाहणारी गटारे, भिंतींवरच्या जाहिराती टिपल्या. गल्ल्या गेल्या. आज जुने पॅरिस अभ्यासणाऱ्याला त्या चित्रांवाचून पुढे जाता येत नाही. जैसलमेरच्या गल्ल्यांसाठी असे काम कुणी सोपवण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

१९/ या हिवाळ्यातही हजारो लोक किल्ल्याच्या तटावर सूर्यास्त टिपायला जमतील. त्यांनी तो जरूर टिपावा. फक्त खाली उतरताना वाटेतल्या एखाद्या घराशी थांबावे, घरच्यांना विचारावे आणि रंग उडत चाललेला गणपती, त्याखालची तिथी, शेजारची पन्हळ एवढे एका चौकटीत घ्यावे. सूर्यास्त उद्याही होणार आहे. त्या भिंतीवर मात्र पुढच्या लग्नसराईत नवा रंग चढलेला असेल.

(धागा समाप्त)