‘आणि संच’ म्हणजे नेमकं कोण?

परीक्षेत पुरवणी मागणाऱ्या पोराकडे अख्खा वर्ग कसा बघतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मुख्य उत्तरपत्रिका भरली, बेल व्हायला दहा मिनिटं उरली, तरी याचं अजून काहीतरी सांगायचं राहिलंय! आणि तपासणाऱ्या सरांचा मूड तोवर ठरून गेलेला असतो. पुरवणीतलं उत्तर कितीही भारी असलं तरी मार्क पहिल्या पाच पानांवरच पडतात, असं आपण सगळेच धरून चालतो.

मोठ्या बँडच्या मागच्या अल्बमांचं अगदी असंच होतं.

लेड झेपेलिन हे नाव तुमच्यापैकी निम्म्यांनी टी-शर्टवर वाचलं असेल. उरलेल्यांनी ‘थॉर रॅग्नारोक’ बघितला असेल. 2017 च्या त्या सिनेमात मारामारी सुरू होते तेव्हा मागे जी किंकाळी येते, ती यांचीच. गाण्याचं नाव ‘इमिग्रंट साँग’. सिनेमा बघून ते शोधणारे हजारो. मीही शोधलं, शिरड शहापूरच्या घरी, गच्चीत एका कोपऱ्यात रेंज येते तिथे उभं राहून. गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं. संपलं की पुन्हा लावायचं. पुन्हा संपलं की पुन्हा. त्या गाण्याच्या पुढे काय आहे, हे बघायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

पुढचं गाणं ‘फ्रेंड्स’. त्या गाण्याचा मुंबईशी संबंध आहे. त्यावर येतेच, पण आधी निकालपत्र.

चार जणांचा हा ब्रिटिश बँड. गिटारवर जिमी पेज, गायला रॉबर्ट प्लांट, बेस आणि कीबोर्डला जॉन पॉल जोन्स, ड्रमवर जॉन बॉनम. सुरुवात 1968 ची. 1971 च्या चौथ्या अल्बमवर ‘स्टेअरवे टू हेवन’ आलं आणि निकाल कायमचा लागला. पहिले दोन अल्बम म्हणजे दणका, चौथा म्हणजे शिखर, नंतरचे एक-दोन बरे आणि शेवटचे तीन सोडून दिले तरी चालतील. हा निकाल तुम्ही-आम्ही लावलेला नाही. तो आपल्याला आयता मिळाला. आता तर मोबाइलच ठरवतो. बँडचं नाव टाकलं की वरची पाच गाणी तो पुढे करतो, आपण ती ऐकतो, आपण ऐकली म्हणून ती वरच राहतात. गावात एकाच हॉटेलवर गर्दी का असते, तर तिथे गर्दी असते म्हणून. तसंच आहे हे.

पण जुने फॅन आणि आपल्या वयाचे नवे, दोघंही आता हा निकाल उलटा-सुलटा करून बघतायत. जगभर हे चाललंय. आम्ही तिघं-चौघंही हा उद्योग करतोय, आणि मला वाटतं तुम्हीही करावा.

सुरुवात ‘प्रेझेन्स’पासून करा. 1976 चा अल्बम. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर प्लांटच्या गाडीला मोठा अपघात झाला होता. घोटा मोडलेला, पाय प्लास्टरमध्ये, पुन्हा धड चालता येईल का याची खात्री नाही. अशा अवस्थेत या माणसाने म्युनिकच्या स्टुडिओत व्हीलचेअरवर बसून गाणी गायली. स्टुडिओही दुसऱ्यांसाठी रिकामा करून द्यायचा होता, लगेच रोलिंग स्टोन्सची तारीख होती. सगळं काम अठरा दिवसांत उरकलं. त्यामुळे या अल्बममध्ये कीबोर्ड नाहीत, हळुवार गिटारचे तुकडे नाहीत, सजावट नाही. आल्या आल्या ‘अकिलीस लास्ट स्टँड’ नावाचं दहा मिनिटांचं गाणं अंगावर येतं. अकिलीस म्हणजे ग्रीक कथेतला तोच, ज्याची टाच कच्ची होती. घोटा मोडलेला गायक हे नाव घेऊन गातो, तेव्हा त्याला काय म्हणायचंय ते कळायला ग्रीक यायची गरज नाही.

लोकांना त्या वेळी हा अल्बम कोरडा वाटला. आजही पहिल्यांदा ऐकताना वाटतो. औंढ्याहून वसमतला एसटी पोचेपर्यंत तो एकदा पूर्ण होतो, आणि खिडकीबाहेर हळदीची शेतं पळत असताना तिसऱ्या-चौथ्या वेळी मला त्यातली घाई ऐकू यायला लागली. वेळ संपत आलेल्या माणसाची घाई. ती एकदा ऐकू आली की तो कोरडेपणा खटकत नाही. (‘कँडी स्टोअर रॉक’ मात्र मी अजूनही पुढे ढकलते. सगळंच ग्रेट होतं असं म्हणायची काही जबरदस्ती नाही.)

पुढचा ‘इन थ्रू द आउट डोअर’, 1979. हा विकला गेला भरपूर, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरावर गेला, पण पक्क्या फॅनच्या मनात बसला नाही. कारण सिंथेसायझर. हार्ड रॉकवाल्यांना तो आवाज म्हणजे पाप! स्टॉकहोममध्ये आबा या बँडच्या स्टुडिओत तो झाला आणि त्यावर जोन्सचा हात जास्त फिरला. पण 1977 मध्ये प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा आजारपणात गेला होता, आणि ‘ऑल माय लव्ह’ हे गाणं त्याच्यासाठी आहे, हे माहीत झाल्यावर सिंथेसायझर आहे की गिटार आहे याचा हिशोब कोण करतं? नंतर, सप्टेंबर 1980 मध्ये, बॉनम गेला. वय 32. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उरलेल्या तिघांनी बँड बंद केल्याचं जाहीर केलं.

आणि मग खरी पुरवणी. 1982 चा ‘कोडा’. कोडा म्हणजे संगीतरचनेच्या शेवटी जोडलेला तुकडा. बँड संपल्यावर पेटीत उरलेल्या आठ गाण्यांचा हा अल्बम, सगळा मिळून 33 मिनिटांचा. वेगवेगळ्या वर्षांची गाणी, एकमेकांशी काही नातं नाही. उरलंसुरलं म्हणून तो कायम यादीत शेवटी. खरं सांगायचं तर 1982 चा ‘कोडा’ तेवढ्याच लायकीचा होता, ‘पुअर टॉम’ सोडलं तर मला त्यात फार काही सापडत नाही.

पण 2015 मध्ये पेजने जुने अल्बम नव्याने काढताना ‘कोडा’ला दोन जास्तीच्या डिस्क जोडल्या. पुरवणीला पुरवण्या! त्यात दोन गाणी अशी आहेत, की ज्यांच्या नावापुढे कंसात ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ असं लिहिलंय.

झालं असं होतं. 1972 मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले. कुलाब्याला स्लिप डिस्क नावाचा एक डिस्को होता, तिथे त्यांनी वाजवलं, ही आठवण मुंबईचे जुने रॉकवाले अजून रंगवून सांगतात. माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट त्याच्या बाजूला घडली. दोघांनी मुंबईच्या एका स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी पुन्हा केली. एक ‘फ्रेंड्स’, दुसरं ‘फोर स्टिक्स’. जोन्स आणि बॉनम सोबत नव्हते. म्हणजे जगातला सगळ्यात दणकट ड्रमर गैरहजर, आणि त्याच्या जागी तबला.

‘फोर स्टिक्स’ हे नाव पडलं कारण मूळ गाण्यात बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन अशा चार काड्या धरून वाजवलं होतं. गाण्याचा ठेका पाचाच्या आणि सहाच्या गटांत अदलाबदल करत चालतो. आपल्याकडच्या तबलजीला पाच-सहाचा हिशोब नवा नाही. झपताल दहा मात्रांचा, दादरा सहाचा, हे भजनाला जाणाऱ्या पोरालाही माहीत असतं. पण एकाच गाण्यात एका हिशोबातून दुसऱ्यात सारखी उडी मारायची, तेही परक्या माणसाने सांगितलेल्या सुरावटीवर, हे सोपं काम नव्हे. ऐकताना ते कळतं. काही ठिकाणी सगळे किंचित चाचपडतात, मग धरतात. मला तोच भाग आवडतो. मुंबईच्या त्या आवृत्तीला ‘फोर हँड्स’ असं नाव दिलंय. काड्या गेल्या, हात आले. याच्यापेक्षा चांगलं नाव सुचणं अवघड.

ही ध्वनिमुद्रणं 43 वर्षं अधिकृतपणे बाहेर आली नाहीत. चोरट्या प्रतींमधून फॅन ती एकमेकांना द्यायचे. आज तुमच्या मोबाइलवर ती सरळ सापडतात. पण मोबाइलवर वादकांचं नाव म्हणून काय दिसतं? ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. संपलं.

आता हे तुम्हाला कुठेतरी ओळखीचं वाटेल. आपल्याकडे जत्रेत, एसटी स्टँडवर भक्तिगीतांच्या, भारुडाच्या कॅसेट मिळायच्या. वर एका माणसाचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात नाव आणि त्याच्या पुढे बारीक अक्षरात दोन शब्द: ‘आणि संच’. संचात आठ माणसं असोत की पंधरा, सगळी त्या दोन शब्दांत. हिंदी सिनेमाच्या स्टुडिओतही हेच. शेकडो वादकांनी, त्यात गोव्याहून आलेले कितीतरी, रोज उठून आपल्या आवडीची गाणी वाजवली आणि रेकॉर्डच्या पाकिटावर त्यांचं नाव नाही. अँथनी गोन्साल्विस हे नाव तुम्हाला 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे माहीत आहे. तो खरा माणूस होता, गोव्याचा व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचा गुरू. गाण्यात नाव आलं म्हणून राहिलं. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून वाजवणाऱ्याचं नाव कुठल्याच गाण्यात आलं नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. दुर्लक्षित अल्बम नव्याने ऐका, हे तर आहेच. पण ‘मला बाबा स्टेअरवे नाही, प्रेझेन्सच आवडतो’ असं चारचौघांत सांगण्यापुरतं ते उरणार असेल, तर ती फक्त यादी उलटी धरणं झालं. खालचं नाव वर, वरचं खाली. आमच्या ग्रुपमध्येही हे सुरू झालं होतं, मीच सुरू केलं होतं. पुरवणी वाचायचीच असेल तर ती कोणी लिहिली हेही वाचायला हवं.

आणि दूरच्या लोकांनी आपल्या माणसाची पुरवणी सांभाळली, असंही झालेलं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव. आपण त्यांचे मराठी अभंग म्हणतो, आणि बहुतेकांच्या लेखी नामदेव तिथे संपतात. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत, पंजाबात घुमानला लोक त्यांना आपलं मानतात. 2015 मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला झालं तेव्हा आपल्याकडे अनेकांना हे नव्याने कळलं. योगायोग बघा, ‘कोडा’च्या पुरवण्या निघाल्या तेही 2015 च.

आता थोडं घरचं. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राचे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. नव्वदच्या आसपास मंडळाने एक कॅसेट काढली होती. मुख्य गायकाचं नाव, पुढे ‘आणि संच’. आजोबा आता नाहीत. कॅसेट आहे, पण टेप जागोजागी चिकटलेली. मागच्या दिवाळीत आम्ही ‘फोर हँड्स’ मोठ्या स्पीकरवर लावलं होतं, तर मित्राची आजी आतून येऊन म्हणाली, “तबला कोणाचा हाय रे? हात चांगलाय.” आम्ही सांगितलं, माहीत नाही आजी, नाव दिलेलं नाही. ती म्हणाली, “काहून? वाजवणाऱ्याला नाव नसतंय का?”

त्यावर आमच्यापैकी कोणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मित्राने कॅसेट बाहेर काढली. वसमतला एकाकडे जुना टेपरेकॉर्डर चालू आहे असं कळलं, तिथे जाऊन ती मोबाइलमध्ये उतरवून घेतली. दुसरी बाजू निम्मीच उतरली. मग ते रेकॉर्डिंग घेऊन आम्ही मंडळातल्या उरलेल्या म्हाताऱ्यांकडे गेलो. मंदिराच्या पारावर बसून त्यांना ऐकवलं. पहिली पाच मिनिटं कोणी काही सांगेना, नुसते ऐकत बसले. मग एकाने पखवाज ओळखला, थापेवरून. दुसऱ्याने टाळ ओळखले. एका आवाजावरून दोघांचं भांडण झालं आणि शेवटी तिसऱ्याच माणसाचं नाव पक्कं झालं.

संचात सात जण होते. वहीत सहा नावं लिहून झालीत. तबला कोणी वाजवला, ते अजून कोणालाच आठवत नाहीये. पूर्णा बाजूचा कोणीतरी होता म्हणतात, त्या दिवसापुरता आलेला. येत्या रविवारी आम्ही तिकडे जाऊन येणार आहोत.