परूशी ही शिवी नव्हे



लेंटचे दिवस आले की आपल्या उपदेशांत एक शब्द हमखास ऐकू येतो: परूशी. पुढच्या बाकावर बसून मोठ्याने प्रार्थना करणारा आणि घरी जाऊन सख्ख्या भावाशी जमिनीवरून भांडणारा, तो परूशी. बाप्तिस्मा पाण्यात बुडवून द्यावा की डोक्यावर पाणी शिंपडून, यावर वाद झाला की दोन्हीकडचे एकमेकांना परूशी म्हणून मोकळे. आमचे म्हणणे सरळ आहे. हा शब्द शिवी म्हणून वापरणे आपण बंद करावे. चांगले दिसत नाही एवढ्यासाठी नव्हे, तर ते पवित्र शास्त्राला धरून नाही म्हणून.

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाला ही गोष्ट कळायला सेमिनरीत जावे लागत नाही. इथे आपल्या कानांवर तीन भाषांतले शुभवर्तमान पडते. मराठीत ‘शास्त्री व परूशी’, तेलुगूत ‘शास्त्रुलु’ व ‘परिसय्युलु’, उर्दू इंजीलमध्ये ‘फकीह’ आणि ‘फरीसी’. नियमशास्त्र जाणणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत जो शब्द होता, तो त्या त्या भाषांतरकाराने दिला. त्यांना दोष नाही. पण ‘शास्त्री’ म्हटले की मराठी मनापुढे शेंडी आणि उपरणे उभे राहते, आणि ‘फकीह’ म्हटले की हैदराबादी मनापुढे शेजारच्या मशिदीतले मौलवी. पहिल्या शतकातला यहूदी कोणालाच दिसत नाही. दिसतो तो आपला शेजारी. संडे स्कूलच्या एका नाटकात परूश्याला लांब दाढी लावून जाळीची गोल टोपी घातलेली आम्ही पाहिली आहे. सभागृह हसले. चारमिनारच्या शहरात वाढणाऱ्या मुलाला तो वेष कोणाचा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता मूळ परूशी कोण होते ते पाहू.

पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफस आपल्या लोकांतले पंथ सांगतो: परूशी, सदूकी, इसेनी, आणि गालीली यहूदाने इ.स. ६ च्या सुमारास उभी केलेली रोमविरोधी चळवळ. हेरोदाच्या काळी परूशी सहा हजारांवर होते, असे तो लिहितो. म्हणजे संख्येने थोडे, पण सामान्य लोक त्यांच्या बाजूचे. सदूकी श्रीमंतांचे, मंदिराच्या आणि महायाजकाच्या गोटातले. पुनरुत्थान, देवदूत, आत्मा हे सदूकी मानत नसत आणि परूशी मानत, हे प्रेषितांची कृत्ये २३:८ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. मग ईस्टरच्या सकाळी आपण जो विश्वास कबूल करतो, त्यात आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत?

इसेन्यांचे नाव नव्या करारात कुठेच नाही. पण १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरान येथे ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्या त्यांच्याच असाव्यात असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या वाचल्या की आपल्या एका लाडक्या समजुतीला तडा जातो. आपल्याला वाटते, परूशी म्हणजे कडकपणाचे टोक. कुमरानचे लोक मात्र ‘गुळगुळीत गोष्टी शोधणारे’ म्हणून कोणाला तरी टोमणे मारतात, आणि तो टोमणा परूश्यांनाच असावा असे अभ्यासक सांगतात. म्हणजे कडक लोकांच्या नजरेत परूशी पळवाटा काढणारे, सवलती देणारे! शब्बाथ दिवशी जनावर खड्ड्यात पडले तर ते वर काढू नये, असा या पंथाचा नियम होता. मत्तय १२:११ मध्ये प्रभू परूश्यांना विचारतो की, तुमच्यापैकी कोणाचे मेंढरू शब्बाथ दिवशी खड्ड्यात पडले तर तो ते वर काढणार नाही काय? कोणीच ‘नाही’ म्हणत नाही. त्याचा सगळा युक्तिवाद उभा आहे तो ऐकणारे मेंढराला वर काढतील या खात्रीवर. त्याच प्रसंगाच्या शेवटी परूशी त्याच्याविरुद्ध मसलत करतात, हेही तिथेच लिहिले आहे. ते आम्ही झाकत नाही. पण वाद होतो तो जवळच्यांशीच. पार दूरच्या माणसाशी वाद घालायला विषय तरी कुठला असतो?

लूककृत शुभवर्तमानात प्रभू तीनदा परूश्यांच्या घरी जेवायला बसतो (७:३६, ११:३७, १४:१). हेरोद तुला मारायला पाहतो, इथून निघून जा, असे सांगायला येतात तेही परूशीच (१३:३१). रात्री येणारा निकदेम परूशी. न्यायसभेत उभे राहून प्रेषितांचा जीव वाचवणारा गमलियेल परूशी. आणि पौल? न्यायसभेपुढे तो मी परूशी ‘होतो’ असे म्हणत नाही, ‘आहे’ म्हणतो (प्रे. कृ. २३:६). दमिष्काच्या वाटेला तेव्हा वर्षे लोटली होती.

प्रभूच्या अटकेपासून वधस्तंभापर्यंतचे अध्याय उघडून परूशी हा शब्द शोधा. मार्कमध्ये १२:१३ नंतर आणि लूकमध्ये १९:३९ नंतर तो नाहीच. योहान अटकेच्या वेळी एकदा घेतो, मत्तय कबरेवर पहारा मागताना एकदा. बाकी सगळीकडे आहेत प्रमुख याजक, वडील आणि रोमी सुभेदार.

एक गोष्ट उपदेशात कधीच ऐकू येत नाही, म्हणून इथे सांगतो. प्रभूचा भाऊ याकोब, यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ, इ.स. ६२ मध्ये दगडमार करून मारला गेला. जोसेफसने ते लिहून ठेवले आहे. मारवणारा महायाजक अनानुस. तो सदूकी होता, आणि शिक्षा देण्यात सदूकी इतरांहून निर्दय असतात, असे जोसेफस तिथेच नोंदवतो. मग शहरातल्या नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या लोकांना हे सहन झाले नाही. त्यांनी वरपर्यंत तक्रार केली आणि अनानुसाचे पद गेले. हे काटेकोर लोक म्हणजे परूशीच असावेत, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. तसे असेल तर याकोबासाठी दाद मागायला गेले ते हेच.

कोणी म्हणेल, पण प्रभूनेच त्यांना ढोंगी म्हटले ना? मत्तय २३ पुसून टाकायचे का? मुळीच नाही. फक्त पहिले तीन ओवी नीट वाचाव्यात. हे भाषण तो लोकसमुदायाला आणि आपल्या शिष्यांना करतो, आणि सुरुवातीलाच सांगतो की ते मोशेच्या आसनावर बसलेले आहेत, ते शिकवतात ते पाळा. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसा हा प्रकार आहे. नाव परूश्यांचे, ऐकायचे शिष्यांनी. यशया आणि आमोस आपल्या लोकांवर याहून कमी बरसले नाहीत, पण ते घरातून बोलत होते. घरातल्या बापाने मुलाला लावलेले बोल शेजाऱ्याने उचलून वापरले, तर त्याला आपण काय म्हणतो?

इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिर जाळले. मंदिराबरोबर सदूक्यांची सत्ता गेली, कुमरानची वस्तीही त्याच युद्धात संपली. टिकले दोघे: परूश्यांची शिकवण पुढे नेणारे रब्बी, आणि येशूला ख्रिस्त मानणारे. मत्तयाचे शुभवर्तमान या नाशानंतर लिहिले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. उरलेल्या दोन भावांमध्ये वारशाचे भांडण असेल, तर शब्दांना धार येणारच. पण पुढच्या शतकांत आपल्या हातात राज्ये आली, आणि त्या धारेने युरोपात यहूद्यांची घरेदारे आणि जीव घेतले. कॅथॉलिक ख्रिस्तसभेने १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या महासभेत जाहीर केले की, प्रभूच्या मरणाचा दोष सर्व यहूद्यांवर लादता येत नाही. आपल्या उपदेशांपर्यंत ते पोचायला अजून किती वर्षे लागणार?

हे सगळे दूर देशातले आहे, आपला काय संबंध, असे मराठी माणसाला तरी म्हणता येणार नाही. रब्बींची ती परंपरा मराठी बोलते. कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते बेने इस्राएल लोक. दिवेकर, पेणकर, केहिमकर अशी त्यांची आडनावे. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये बांधले. पुढे मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. त्यांच्यातले बहुतेक १९४८ नंतर इस्राएलला गेले, आणि तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढू लागले. मेलेल्यांना उठवणाऱ्या देवाची स्तुती यहूदी प्रार्थनेत रोज तीन वेळा होते. ती परूश्यांच्याच विश्वासाची आहे.

यंदाच्या लेंटमध्ये त्यांच्यापैकी कोणी येऊन आपल्या मागच्या बाकावर बसले, तर उपदेशातला शब्द न् शब्द त्यांना कळेल. दुभाष्या लागणार नाही.