सुलभाला काय कमी होतं?

‘उंबरठा’वर गटात चर्चा घेतली की हा प्रश्न हटकून येतो, आणि तो बायकाच विचारतात. वकील नवरा, भरलं घर, मुलगी, हवं ते हाताशी. तरी सुलभा महाजन दूरच्या महिलाश्रमात नोकरीला जाते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९८२ साली केलेला हा चित्रपट. सुलभा झाली होती स्मिता पाटील.

समाजकार्याच्या वर्गात याचं उत्तर तयार मिळतं. अब्राहम मास्लो या मानसशास्त्रज्ञानं १९४३ साली माणसाच्या गरजांची उतरंड मांडली. तळाशी अन्नपाणी, त्यावर सुरक्षितता, मग प्रेम, मग मान आणि सगळ्यात वर, आपल्यात जे आहे ते फुलवण्याची ओढ. सुलभाची खालची मडकी भरलेली, म्हणून ती वरच्याकडे वळली.

मला हे पटत नाही. सुलभा राजीनामा देऊन घरी परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. आता नोकरीही नाही. उतरंडीच्या हिशोबानं तिनं छप्पर धरून राहायला हवं. ती पुन्हा बाहेर पडते.

आणि आश्रमातल्या बायका? त्यांना जेवण आहे, निवारा आहे, दाराला कुलूपसुद्धा आहे. तरी त्या पळून जायला बघतात, जिवाचं बरंवाईट करून घेतात. ‘तुला काय कमी होतं?’ हे त्यांना कुणी विचारत नाही. गरीब बाईला पोटापलीकडे काही हवं असेल, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या कामातही हेच होतं. उल्हासनगरच्या कॅम्पांमधून, नगावर जीन्सचे दोरे कापणाऱ्या बाया केंद्रावर येतात. अंगावर वळ असतात, घरात रेशन नसतं. पण बोलायला लागल्या की आधी निघतं, ‘पोरांसमोर मला आईवरून बोलला.’ आपण फॉर्मवर लिहितो: निवारा, पोटगी. समझोत्याच्या वेळी वर सांगतो, ‘खायला तर घालतो ना? बाकीचं नंतर बघू.’ ते ‘नंतर’ येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं शिवीगाळ आणि अपमान हाही हिंसाचारच मानला आहे. आपल्या टेबलावर तो अजून दुय्यम आहे.

खरं तर, खालची गरज शंभर टक्के भागल्याशिवाय वरची जागी होत नाही असं मास्लोही म्हणाला नव्हता. पाठ्यपुस्तकातला तो त्रिकोणही त्याचा नव्हे. तो पुढे व्यवस्थापनवाल्यांनी रूढ केला. आपल्याकडे तर १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगून ठेवलंय, की चवदार तळ्यावर जायचं ते तहानेपोटी नव्हे, आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे दाखवायला. तिथं पाणी आणि मान वेगवेगळ्या मडक्यांत नव्हते.

माझी सूचना साधी आहे. पहिल्या भेटीच्या फॉर्मवरचा पहिला रकाना बदलू या. नेमकं काय सहन झालं नाही, ते तिथं तिच्याच शब्दांत उतरवायचं. रेशनकार्डाचा नंबर दुसऱ्या पानावर घेता येईल.